रोमानियाच्या दोइनाला नेलेली खीर

"दुबईला जाऊन आलात, मग काय काय बघितलंत?" हा प्रश्न सांगलीत मला इतक्या जणांनी विचारलाय की मी आता उत्तर पाठच करून ठेवलंय. उंच इमारत बघितली, खालून. वाळवंट बघितलं, गाडीच्या काचेतून. सोनं बघितलं, दुसऱ्यांच्या अंगावर. एवढं सांगितलं की लोक खूश होतात आणि आपापल्या कामाला लागतात. खरं जे बघितलं ते येता-जाता रस्त्यात उभं राहून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहून काढते आहे.

मुळात मी फिरायला गेलेच नव्हते. माझा धाकटा भाऊ मिलिंद बऱ्याच वर्षांपासून दुबईत कंप्युटरच्या एका कंपनीत आहे. त्याची बायको मानसी गेल्या ऑक्टोबरात गेली. डोकं दुखतंय म्हणून दुपारी आडवी झाली ती उठलीच नाही. मागे राहिली त्यांची मुलगी ईरा, चौदा वर्षांची. मार्चमध्ये तिची परीक्षा संपली की तिला सांगलीला आणायचं, इथल्या शाळेत घालायचं आणि माझ्याजवळ ठेवायचं, असं मिलिंदनं ठरवून टाकलं होतं. परतीची दोन तिकिटं त्यानं आधीच काढली, एक माझं आणि एक ईराचं.

मी लग्न केलं नाही. लहानपणी कृष्णेत पोहले, मोठेपणी गावातल्या तलावावर मुलींना पोहायला शिकवलं, आणि त्यातच केस पांढरे झाले. घरात मी आणि माझा रेडिओ. मानसीच्या जाण्याचं दुःख होतंच, पण खोटं कशाला बोलू? ईरा येणार म्हणून मी वरची खोली रंगवून घेतली आणि रंग निवडताना मला फार आनंद झाला होता.

निघायच्या आधी मिलिंदचा फोन आला. "ताई, काहीही आण, पण खसखस आणू नकोस हं. इथे ते ड्रग्जमध्ये धरतात. बॅगेत दाणे सापडले तर डायरेक्ट जेल!" आता आपल्याकडे खसखशीशिवाय एक सण होत नाही. मी डबे पुसले, पिशव्या झटकल्या, पदरसुद्धा झटकला. खपली गहू मात्र घेतला. हा आमच्याकडचा खिरीचा गहू. सडून, पाखडून, निवडून बरोबर बांधला. पोरगी माझ्याकडे यायची तर आधी तिच्या तोंडाला माझ्या हातची चव लागू दे, हा हिशेब.

सिलिकॉन ओएसिस

विमानतळावर मिलिंद घ्यायला आला होता. इतका वाळलेला की मी आधी दुसऱ्याच कुणाला हात केला. गाडीत तो सतत बोलत होता. रस्ते कसे, पाऊस कसा पडत नाही, कोथिंबिरीची जुडी तीन दिरहमला, म्हणजे आपले सत्तर रुपये. मध्येच फोन यायचा, "हां हबीबी, मीटिंग के बाद बात करते हैं," आणि मग पुन्हा कोथिंबीर. एवढा बोलका माझा भाऊ कधीच नव्हता. जे बोलायचं नाही त्याच्यावर तो माती लोटत होता, हे मला घरी पोचल्यावर कळलं.

सिलिकॉन ओएसिस या नावावरून मी खजुराची झाडं आणि तळं डोळ्यांपुढे आणलं होतं. प्रत्यक्षात ऑफिसं, त्यांच्यामागे राहायच्या इमारती, त्यांच्यामागे वाळू. मिलिंदचा फ्लॅट प्रशस्त, चकचकीत आणि थंडगार. एसी इतका की मी घरातही शाल घेऊन बसायचे. हॉलच्या भिंतीवर खिळे होते, त्यांवर फोटो नव्हते. स्वयंपाकघरात मानसीनं लेबलं लावलेले डबे होते, त्यांवरची लेबलं खरवडून काढलेली. "तिच्या कपाटात तुझे कपडे ठेव," "तिची ती कढई वापर," असं मिलिंद म्हणायचा. मानसी हे नाव त्या घरात कुणी घ्यायचं नाही, हे न सांगता ठरलेलं होतं. आमच्या आजीच्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, ते जिवंत नवऱ्याच्या मानापोटी. इथे नवरा गेलेल्या बायकोचं नाव घेत नव्हता. मीही गप्प बसले. दुसऱ्याच्या घरात पाहुणीनं पहिल्याच दिवशी तोंड उघडू नये.

ईरा उंच झाली होती. मागून पाहिली तर थेट मानसी, तीच मान, तेच खांदे. मी जवळ घेतलं तर ती ओंडक्यासारखी उभी राहिली. "बरी आहेस का गं?" मी विचारलं. "आय ॲम फाइन, आत्या." जेवलीस का, "येस, आत्या." सांगलीला यायचं ना, "ओके, आत्या." तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत. तिथल्या सगळ्याच मुलांचं तसं आहे म्हणे.

मला ओढ होती ती तिच्या कोचला भेटायची. ईरा पाठीवर पोहते, म्हणजे बॅकस्ट्रोक, आणि तिच्या क्लबची कोच रोमानियाची दोइना. रोमानिया म्हटलं की लोकांना जिम्नॅस्टिक आठवतं. मला पोहणाऱ्या बायका आठवतात. आमच्या तरुणपणी शेजारच्या डॉक्टरांकडे टीव्ही होता, त्यावर मोठमोठ्या देशांच्या धिप्पाड पोरींच्या शेजारच्या लेनमधून या रोमानियाच्या पोरी सुळसुळत पुढे जाताना मी बघितल्यात. देश केवढासा, थंडी ही एवढी, पण ऑलिंपिकची पदकं नेली त्यांनी. पुढे तलावावर कुणी पोरगी "बाई, पाणी गार आहे" म्हणून कुरकुरली की मी म्हणायचे, "रोमानियात जाऊन ये एकदा!" त्यातलीच एक माझ्या भाचीला शिकवते, हे ऐकून मला देवळात जायचं असल्यासारखं झालं होतं. मानसीनंच फोनवर सांगितलं होतं ते, मोठ्या कौतुकानं.

क्लब म्हणजे एका शाळेचा तलाव. मिलिंदनं आम्हाला फाटकाशी सोडलं आणि तो ऑफिसला गेला. दोइना पन्नाशीची, बुटकी, खांदे मात्र अजून दाराएवढे. मनगटात लाल-पांढरा दोरा. मला वाटलं, ही पण कुठल्या देवाला जाऊन आली की काय. तो त्यांच्याकडे मार्च महिन्यात बांधतात, वसंत आला म्हणून. चार-पाच मुलं एका फोनभोवती गोळा झाली होती. रोमानियाचा एक कोवळा मुलगा सध्या जगभर गाजतोय, त्याची शर्यत बघत होती. दोइना हात मागे बांधून त्यांच्या मागे उभी होती आणि फोनकडे न बघताच सांगत होती, आता तो वळेल, आता श्वास घेईल. मी दोन्ही हात जोडले. तिनंही जोडले.

ईरा पोशाख बदलून आली, टॉवेल गुंडाळून बाकावर बसली. मला वाटलं, अंग मोकळं करेल आणि उतरेल. बाकीच्या मुली उतरल्या. एक लेन रिकामी राहिली. दोइना शिट्टी फुंकत होती, त्या लेनशी आली की क्षणभर थांबत होती आणि पुढे जात होती. तास संपला. मग ईरा उठली, न्हाणीघरात गेली, आणि केस, टॉवेल, पोशाख नळाखाली भिजवून बाहेर आली.

"ईरा," मी म्हटलं, "डोळ्यांभोवती गॉगलचे वळ नाहीत तुझ्या. मी जन्मभर तलावावर काढलाय बाळ."

ती पटकन जवळ आली. "प्लीज डोंट टेल बाबा."

ऑक्टोबरपासून तिनं पाण्यात पाय घातला नव्हता. आईच तिला रोज आणायची, बसायची, न्यायची. दोइनाला सगळं माहीत होतं. ती मला माझ्या शाळेतल्या इंग्रजीला झेपेल इतकं सावकाश म्हणाली, "मी लेन ठेवली आहे. लेन तिची आहे."

घरी मी मिलिंदला काही सांगितलं नाही. ईरा झोपायला गेल्यावर तोच म्हणाला, "ताई, तुला वाटत असेल मी जबाबदारी ढकलतोय. तसं नाहीये गं. पण ती समोर आली ना, की मला... मागून ती सेम दिसते. मी सकाळी किचनमध्ये येतो आणि ती पाठमोरी उभी असते. मला नाही बघवत. तू घेऊन जा तिला, खलास." मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मनात मात्र आलं, बरंच झालं, येईल पोर माझ्याकडे. असं येतं मनात, त्याला काय करणार?

जुमेरा लेक टॉवर्स

जायच्या आधी कोचला घरी जाऊन भेटायचं, तिला काहीतरी गोड न्यायचं, हे मी सांगलीतूनच ठरवून आले होते. पदक जिंकलेल्या माणसाच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नसतं. शनिवारी मी खपलीची खीर केली. गहू भिजत घातला, कुकरला लावला, गूळ, वेलची, नारळ. खसखस नाही, म्हणजे खिरीला दाटपणा यायचा नाही आणि वरून दिसायलाही ओकीबोकी. मग सुपरमार्केटातून अक्रोड आणले आणि भरपूर पेरले. वर सुक्या खोबऱ्याचा पांढरा कीस. रात्रभर फ्रिजमध्ये राहून ती खीर इतकी घट्ट झाली की पसरट भांड्यात वडीसारखी बसली. चमच्याऐवजी सुरी लागेल की काय अशी मला शंका आली. पण चव उत्तम होती.

रविवारी ईरा आणि मी आधी बसनं, मग मेट्रोनं निघालो. डाव्या-उजव्या बाजूला इमारती आणि त्यांच्यामधून धुरकट आभाळ. वारा सुटला की तिथे आभाळ वाळूच्या रंगाचं होतं. जुमेरा लेक टॉवर्समध्ये मधोमध बांधीव तळी आहेत, भोवती टॉवर. एका टॉवरमध्ये उंचावर दोइनाचा एका खोलीचा फ्लॅट. पदकं दिसतील म्हणून मी आत शिरल्या शिरल्या भिंती न्याहाळल्या. एकही नव्हतं. ती गावी, आईच्या कपाटात आहेत म्हणाली. एक फोटो होता फक्त. पिवळ्या टोप्या घातलेल्या चार ओल्या मुली एकमेकींच्या गळ्यात हात टाकून हसत होत्या.

मी भांडं तिच्यापुढे धरलं आणि झाकण काढलं.

दोइनाचं हसू गेलं. ती भांड्याकडे बघत राहिली. मग तिनं मागे जाऊन अंगातलं क्लबचं जाकीट काढलं, हात धुतले, आणि भांडं दोन्ही हातांनी घेतलं. काहीतरी विचारलं. इंग्रजी होतं, पण इतक्या हळू की मला कळलं नाही. मी ईराकडे बघितलं.

ईराचा चेहरा पांढरा पडला होता. "शी इज आस्किंग..." ती थांबली. मग मराठीत, अडखळत म्हणाली, "ती विचारते, हे कोणासाठी? कोण... कोण मेलं?"

अहो, आमच्याकडे ही खीर बैलांच्या बेंदराला करतात, गौरीला करतात, सवाष्णीला वाढतात. श्राद्धालाही खीर लागते, पण ती तांदळाची. मी घाईघाईनं सांगायला लागले, तोवर दोइना बोलत होती आणि ईरा तिच्या मागोमाग तुकड्या-तुकड्यानं मराठी करत होती. रोमानियात माणूस गेलं की गहू शिजवतात. साखर, अक्रोड, वरून पांढरी पिठीसाखर. चाळिसाव्या दिवशी, मग दर काही महिन्यांनी, मग वर्षाला. देवळात नेतात, मेणबत्ती लावतात, आणि लोकांना खायला देतात. गेलेल्याचं नाव घेऊन खातात. रंगसुद्धा हाच, थरही हाच.

"ती म्हणते, तिला वाटलं तू... आईसाठी केलं." ईरानं आई हा शब्द उच्चारला. मी आल्यापासून पहिल्यांदा.

दोइनानं फोटोतल्या एका मुलीवर बोट ठेवलं. मिरेला. पोहण्याच्या मिश्र रिलेत चौघी असतात, प्रत्येकीचा प्रकार वेगळा. पहिली पाठीवर, ती दोइना. तिसरी बटरफ्लाय, ती मिरेला. डोंगरातल्या एका गिरणीच्या गावात दोघी एका खोलीत वाढल्या, पहाटे बर्फ तुडवत तलावावर गेल्या. युरोपातल्या एका मोठ्या स्पर्धेत त्या चौघींना पदक मिळालं तेव्हा स्टेशनवर बँड आला होता आणि त्यांचे चेहरे कॅलेंडरवर छापले होते. लोक अजून ओळखतात तिकडे. मिरेला आजारी पडली तेव्हा दोइना इथे दुबईत नोकरीवर होती. शेवटची भेट झाली नाही, मातीला जाता आलं नाही. तेव्हापासून दर वर्षी ती याच खोलीत गहू शिजवते. पण तो वाटायचा कुणाला? क्लबातल्या मुलांना मेलेल्या बाईचं गोड कसं द्यायचं? मग एकटीच खाते.

हे सगळं ईरानं मला सांगितलं. आपलं नसलेलं, दुसऱ्याचं दुःख मराठीत आणताना तिचे शब्द चुकत होते आणि ती ते पुन्हा पुन्हा दुरुस्त करत होती. मला राहवेना, आणि तिला थांबवावंसंही वाटेना.

दोइनानं काचेच्या पेल्यात मेणबत्ती लावली. तीन वाट्या भरल्या. ईराला विचारलं, "तुझ्या आईचं नाव?" तिला ते माहीत होतं. रोज बाकावर बसणारी बाई होती ती. तरी विचारलं.

"मानसी," ईरा म्हणाली.

"मानसी," दोइना म्हणाली. "मिरेला." मग तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटली आणि इंग्रजीत सांगितलं की देव तिला क्षमा करो, असं म्हणायची पद्धत आहे. मी चटकन म्हणून गेले, "क्षमा कसली? मानसीनं कुणाचं काय वाईट केलं होतं?" ईरानं तेही इंग्रजीत सांगितलं. दोइनाला हसू आलं आणि ते हसता हसताच तिचे डोळे भरले. "मिरेलानं पण नव्हतं केलं," ती म्हणाली.

ईरा वाटी हातात धरून बसली होती. खाईना. मग माझ्याकडे न बघता, मराठीत म्हणाली, "आत्या, तू खरंच आईसाठी केलंस?"

हो म्हणणं सोपं होतं. मी म्हटलं, "नाही गं बाळा. मी तुझ्या मॅडमसाठी केली होती, त्यांच्या पदकांसाठी. मला त्यांची रीत माहीत नव्हती. पण आता ही तुझ्या आईचीच."

तिनं एक घास घेतला. चावता चावता रडायला लागली, आणि रडता रडता खात राहिली. मानसीच्या अस्थी मिलिंद एकटाच सांगलीला घेऊन आला होता. ईराची तेव्हा परीक्षा होती आणि लहान आहे म्हणून तिला शेजाऱ्यांकडे ठेवलं होतं. दहावं नाही, तेरावं नाही, नदी नाही. आईसाठी त्या पोरीनं केलेलं हे पहिलं कार्य, आणि तेही परक्या धर्माचं, परक्या देशात, माझ्या चुकीमुळे. आम्ही दोघी बायका तिच्या दोन बाजूंना बसून खात राहिलो.

परतताना मेट्रोत ती बोलली, पुन्हा इंग्रजीतच. तिला माहीत होतं बाबा का पाठवतोय. "बिकॉज आय लुक लाइक हर." मग मला नीट कळावं म्हणून मराठीत सांगितलं. "आत्या, तू छान आहेस. पण सांगलीत आई कुठे आहे? आई इथे होती."

तिला सांगायला हवं होतं की वरची खोली पिवळी रंगवलीय, तुझ्या टेबलावर सकाळचं ऊन येतं. ते सांगितलं असतं तर ती भिडस्त पोर आली असती माझ्याबरोबर. मी नाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती पाण्यात उतरली. काय सांगू, दगडासारखी पोहली. हात चुकत होते, भिंत डोक्याला लागली. पाठीवर पोहताना आपण कुठे चाललोय ते दिसत नाही, फक्त छत दिसतं, आणि भिंत जवळ आल्याचं वर टांगलेल्या पताकांवरून ओळखायचं असतं. इतक्या महिन्यांत तिचा तो अंदाज पार गेला होता. तास संपल्यावर ईरा मला म्हणाली की अबुधाबीच्या स्पर्धेतल्या रिलेतून कोचनं तिचं नाव काढलेलंच नाही.

अबुधाबी

स्पर्धा माझ्या निघण्याच्या आदल्या शनिवारी होती. मिलिंदला मी दमात घेतलं. "तू येणार आहेस. मुलगी जायच्या आधी एकदा बघ तिला पोहताना." तो कां-कूं करत आला. दुबई ते अबुधाबी सरळसोट रस्ता, दोन्ही बाजूंना कंटाळवाणी वाळू.

तलाव आलिशान होता. आमच्या सांगलीतल्या तलावाची मला दया आली. प्रेक्षकांत देशोदेशीचे आई-बाप. आमच्या शेजारी एक इजिप्तचा गृहस्थ, त्यानं ओळखपाळख नसताना खजुराचा डबा पुढे केला. पुढच्या रांगेत एक केरळची बाई मोबाईल सरसावून बसलेली. मिलिंद याआधी एकदाही मुलीच्या स्पर्धेला आला नव्हता. ते सगळं मानसी बघायची. कुठे बघायचं तेही त्याला कळत नव्हतं. मी त्याला लेन दाखवली.

मिश्र रिले पाठीवरून सुरू होते. ईरा पाण्यात उतरून दांडीला धरून लटकली, आमच्याकडे पाठ करून. टोपीच्या खाली तीच मान. मिलिंदनं एकदम खाली बघितलं. भोंगा झाला. ईरा मागे झेपावली आणि पहिल्या काही हातांतच मागे पडली. बाकीच्या पोरी निघून गेल्या. ती छताकडे बघत, कान पाण्यात बुडवून, एकटीच मागून येत होती. अर्ध्यावर तिचा हात लेनच्या दोरीला अडकला, ती थांबल्यासारखी झाली, आणि माझ्या शेजारचा माणूस ताडकन उठून उभा राहिला.

"मानसी!" मिलिंद ओरडला. "मानसी! मानसी!"

आपण काय ओरडलो ते त्याला कळलं. तोंडावर हात घेऊन तो तसाच उभा राहिला. पण शेजारच्या इजिप्शियनाला वाटलं, मुलीचं नाव तेच आहे. मागे पडलेल्या पोरीची त्याला कणव आली असणार. तोही उठला. "यल्ला, मानसी! यल्ला!" केरळची बाई मागे वळून हसली आणि टाळ्या पिटत तिनंही सुरू केलं, "कमॉन, मानसी!" मग त्यांच्या मागची रांग. कुठल्या कुठल्या देशांचे लोक, कुठल्या कुठल्या उच्चारांत, माझ्या मेलेल्या भावजयीला हाका मारत होते. मिलिंद मटकन खाली बसला. मी त्याचा हात धरला आणि त्यांना कुणालाही गप्प केलं नाही.

ईरानं सगळ्यांत शेवटी भिंतीला हात लावला. तिच्या डोक्यावरून पुढच्या मुलीनं उडी घेतली. ईरानं कान पाण्याबाहेर काढले तेव्हा हाका चालूच होत्या. ती गोंधळून वर बघायला लागली, एका एका रांगेवरून नजर फिरवत, आणि मग तिला तिचा बाप सापडला.

त्यांची रिले अर्थातच शेवटची आली. दोइनानं चौघींना जवळ घेतलं, ईराच्या डोक्यावरची टोपी ओढून काढली आणि तिला आमच्याकडे पिटाळलं. ती ओलीच जिन्यावरून वर आली. मिलिंदच्या समोर उभी राहिली. त्याला मान वर करता येईना.

"बाबा," ती म्हणाली, "परत म्हण ना."

त्यानं म्हटलं. आधी पुटपुटला, मग मोठ्यानं. ती त्याच्या शेजारी बसली आणि त्याचा शर्ट भिजला. खजुराचा डबा हातात धरून तो इजिप्तचा गृहस्थ आमच्याकडे टकामका बघत होता. हरलेल्या पोरीसाठी एवढं रडायचं कशाला, असं वाटलं असेल त्याला.

परतीच्या वाटेवर ईरा मागे झोपली. मिलिंद रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "ताई, मला अजून जमेल की नाही माहीत नाही. रोज सकाळी ते किचन... पण तिचं तिकीट कॅन्सल करू का? तू सांग. तू म्हणशील तसं."

ही माझ्यावर टाकायची गोष्ट नव्हती. त्यानं मला न विचारता परस्पर रद्द केलं असतं, तर मी रागावून मोकळी झाले असते. मला ती पोरगी हवी होती. या वयात मला कुणीतरी घरात हवं होतं. मी म्हटलं, "कर."

निघताना दोघं सोडायला आली. मिलिंद बॅगा वजन करायला घेऊन गेला तेव्हा ईरा माझ्या शालीचं टोक धरून उभी होती. तिच्या डोळ्यांभोवती गॉगलचे लाल वळ होते. "आत्या," ती म्हणाली, "तू थांब ना."

माझा व्हिसा त्याच आठवड्यात संपत होता. तो वाढवून मिळाला असताही कदाचित, पण मग त्या घरात तिच्याकडे बघायला मी असते आणि मिलिंद पुन्हा ऑफिसात जाऊन बसला असता. हे तिला कसं सांगणार? मी म्हटलं, "पुढच्या वर्षी येते."

विमानात माझ्या शेजारची खिडकीची जागा तिची होती. आयत्या वेळी रद्द केलेली, कुणाला दिली नव्हती. विमान सुटायच्या आधी हवाईसुंदरी आली आणि तिनं विचारलं, मॅडम, इथे कुणी येणार आहे का? मी नाही म्हटलं. तिनं हसून सांगितलं, मग तुम्ही सरका ना तिकडे, खिडकीशी छान दिसतं. मी मान हलवली, पट्टा बांधला, आणि विमान उतरेपर्यंत आपल्याच जागेवर बसून राहिले.